हाताचा रकाना

नत्थूजींबद्दल कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. विचारणारा बिचारा भल्या मनानंच विचारत असतो. "तुमच्या कॉलेजात म्हणे एक माणूस होता, नुसता काचेला हात लावून आत हवा किती उरली ते सांगायचा?" होता. मग? समोरच्याला चमत्कार ऐकायचा असतो आणि मला गप्प बसायचं असतं. चमत्कार बिमत्कार काही नव्हता हो. नागपूरच्या टिमकी वस्तीतला एक विणकर कोष्टी होता, त्याचे हात चांगले होते. ते हात कामातून गेले तेव्हा मी जे करायचं ते केलं. आज एकदाच सगळं सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा कुणी माझ्या दाराशी यायला नको.

एकोणीसशे छत्तीस साली मी नागपुरात एका छोट्या सायन्स कॉलेजात फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. वय सत्तावीस, नेमणूक तात्पुरती, नाकाच्या शेंड्यावर राग. पोरं मला मागून 'मुकुंदमिरची' म्हणत, मला ठाऊक होतं. माझ्या वर पांढरीपांडे सर, प्रोफेसर. आणि आमच्या दोघांच्या हाताखाली लॅबचे सेवक नत्थूजी. हाताखाली असं म्हणायची रीत म्हणून म्हटलं. खरं तर लॅब चालायची नत्थूजींवर.

पन्नाशीचा माणूस. काटकुळा, सावळा, डोक्याला धुऊन धुऊन विरलेला दुपट्टा. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या लुगडी विणत. पुढे गिरणीच्या कापडानं माग बसला, तेव्हा हे कॉलेजात चिकटले. मागावरचे हात मात्र तसेच राहिले. आमच्याकडे एक जुना प्रयोग होता. बंद बरणीत रेशमाच्या धाग्याला एक चकती टांगायची, तिला हलकासा पीळ द्यायचा आणि तिचं हेलकावणं किती वेळात थांबतं ते मोजायचं. त्यावरून हवेचा चिकटपणा काढायचा. तो धागा बांधायला आम्हा शिकलेल्या लोकांना अर्धा दिवस लागे, आणि बांधून झाल्यावर तो सुटे. नत्थूजी बरणीत दोन बोटं घालत, दुसरीकडेच बघत, आणि गाठ बसलेली असे. "कसं हो जमतं?" विचारलं तर म्हणत, "पायलं का तुटते, बाबू. नाई पायलं का जमते."

घरची हकिगत त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही मी खोदून खोदून विचारलं म्हणून. घरात एके काळी अकरा माणसं. अठरा सालच्या तापात पंधरा दिवसांत पाच गेली. मग उरलेल्यांतली एकेक, कुणी देवीनं, कुणी बाळंतपणात. शेवटी बायको मनकर्णा गेली ती मी कॉलेजात लागल्यावर. तेरावं आटोपून चौदाव्या दिवशी हे सकाळी पाचाला लॅबचं दार उघडून हजर. मी म्हटलं, "नत्थूजी, चार दिवस राहायचं होतं घरी." तर म्हणाले, "घरी राहून काय करू? पंप कोन चालवन?" आवाजात काही म्हणजे काही नाही. परीक्षानळ्या किती फुटल्या ते सांगावं तसं. मला तेव्हा वाटलं, माणूस आहे की फत्तर! आता वाटतं, फत्तर कोण होतं ते पुढे दिसलंच.

घरात उरली होती एक मुलगी, गोपिका. अठरा-एकोणीस वर्षांची. बाप आणि लेक, बस.

आता प्रयोग सांगतो. कंटाळू नका, त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सरांनी एक दुहेरी भिंतीचं काचेचं भांडं बनवून घेतलं होतं. चहा गरम ठेवायची बाटली असते ना, तशातलं. आतल्या भांड्यात जवसाचं तेल कडकडीत तापवून भरायचं. दोन काचांच्या मधली जागा पाऱ्याच्या हातपंपाला जोडलेली. पंपानं तिथली हवा काढत जायची आणि तेल किती वेळात निवतं ते घड्याळावर बघायचं. म्हणजे मधली हवा उष्णता किती वाहून नेते ते कळतं. तुम्हाला वाटेल, अर्धी हवा काढली की उष्णता अर्धीच बाहेर येईल. सगळ्यांनाच वाटतं. येते तेवढीच! शंभरातले नव्वद हिस्से हवा काढा, तरी तेवढीच. चकतीच्या प्रयोगातही तेच. हवा विरळ झाली म्हणून चकती जास्त वेळ हेलकावत नाही.

हे मी नत्थूजींना समजावून सांगितलं होतं, इतवारीच्या बाजारातल्या हमालांची गोष्ट करून. बोळात शंभर हमाल आहेत. गर्दी इतकी की दोन पावलं गेलं की टक्कर, पोतं दुसऱ्याच्या पाठीवर. पन्नास हमाल काढून घ्या. उरलेले दुप्पट लांब जातील, मग टक्कर. पोती तेवढीच पोचतात. आणखी काढा, उरलेले आणखी लांब जातील. असं चालता चालता बोळ इतका रिकामा होतो की हमाल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातो आणि वाटेत कुणी भेटतच नाही. याहून लांब तो जाणार कुठे? आता एक जरी हमाल कमी केला तरी तेवढी पोती कमीच. तिथून पुढे उष्णता झपाट्यानं घटते आणि बाहेरची काच गार पडते. सरांना नेमकी तीच जागा हवी होती, कुठल्या वायूत ती कुठे येते ती.

नत्थूजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे शेवटचा हमाल जाईपर्यंत बाहेरच्याले पत्ताच लागत नाई."

"तसंच काहीसं," मी म्हटलं, आणि घड्याळ बघायला लागलो.

हवा किती उरली ते दाखवायला पाऱ्याचा गेज होता. तो मी फोडला. दिवाळीच्या सुटीनंतर पहिल्याच सकाळी, कुणावर तरी ओरडत वळलो आणि कोपर लागलं. नवा गेज कलकत्त्याहून यायचा, म्हणजे सहा महिन्यांची निश्चिंती. मी डोकं धरून बसलो. नत्थूजी फरशीवरचा पारा पोस्टकार्डानं गोळा करत होते. मान वर न करता म्हणाले, "मले समजते, बाबू. काचेवर हात ठेवला का समजते."

मी हसलो. पण गेज फुटण्याआधीच्या नोंदी होत्याच. त्या दिवसांतही हे आपले जाता-येता काचेला हात लावून बघत आणि पुटपुटत, "ऊन", "कोमट", "गार". मी ते गमतीनं कडेला लिहून ठेवलं होतं. आता गेजच्या आकड्यांशी ताडून पाहिलं. साठ नोंदी. चूक एकही नाही! सरांनी स्वतः तपासलं आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "नत्थू, गेज येईपर्यंत तूच आमचा गेज." त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढला. तारीख, वायू, तेलाला निवायला लागलेली मिनिटं, आणि शेवटी 'हात'.

हसा. पण कॉलेजच्या कोठारात दुसरा गेज नव्हता, आणि नत्थूजी होते. थंडीचे चार महिने काम असं सुरेख चाललं की विचारू नका. पहाटे मी तेल तापवायचा. नत्थूजी पाऱ्याची बाटली वर नेत, खाली आणत, पंपाचा तो झोका त्यांच्या अंगात मागासारखा बसला होता. मग उजवा पंजा काचेवर. "ऊन." पुन्हा पंप. "ऊन." पुन्हा. "ऊनच हाये." आणि मग एकदम, "गार." घड्याळही तेच सांगे. तेल निवायचं थांबल्यासारखं होई.

वहीचा आमचा एक नियम होता, आणि त्याचा मला मोठा अभिमान. खोडायचं नाही. नोंद रद्द करायची तर एकच रेघ मारायची, आकडा खाली वाचता आला पाहिजे, आणि शेऱ्याच्या जागी कारण लिहायचं. खरं कारण. पोरांना मी हा नियम छडी आपटून शिकवत असे.

मार्चमध्ये नत्थूजींच्या हातून चकतीच्या धाग्याची गाठ सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. मी खेकसलो, "काय नत्थूजी, म्हातारे झालात!" ते धाग्याकडे बघत राहिले. आजवर कधी बघून बांधली नव्हती, त्या दिवशी डोळे फाडून बांधत होते. हे मी पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं.

एप्रिलात वहीचं गणित बिघडलं. हात म्हणे 'गार', म्हणून पंप थांबवायचा, तर घड्याळ म्हणे तेल भराभर निवतंय. दोन्ही खरं असणं शक्यच नाही. मी काय करावं? मी हातावर विश्वास ठेवला. थर्मामीटर बदलला. घड्याळ स्टेशनवर नेऊन मिळवून आणलं. सगळे सांधे उकलून नव्या लाखेनं बसवले. बावीस दिवस, बावीस नोंदी. उन्हाळा वर यायला लागलेला, खोलीत तेलाचा उग्र वास, आणि मी प्रत्येकावर पिसाळलेला. नत्थूजी रोज पंजा ठेवत आणि रोज सांगत, "गार हाये, बाबू."

तेविसाव्या दिवशी मी पंपाची तोटी उघडीच विसरलो. म्हणजे काचांच्या मधे पुरी हवा. तेल दीडशे अंशाला, रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेलं. बाहेरच्या काचेला माझं मनगट ओझरतं लागलं आणि मी "आई गं!" करून मागे झालो. बघतो तर नत्थूजींचा पंजा काचेवर सपाट टेकलेला. नजर भिंतीकडे. चेहरा नेहमीसारखाच.

"गार," ते म्हणाले.

मी त्यांचा हात धरून ओढला. तळव्याला फोड येत होते, डोळ्यांदेखत. करपल्याचा वास येत होता. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"होळीपासून. पयले दोन बोटं. मंग पुरा पंजा." मग बाही वर करून कोपराजवळ एक फिकट चट्टा दाखवला. "हे बी हाये."

मी दोन पावलं मागे सरकलो. आपोआप सरकलो, पण सरकलो. ते त्यांनी पाहिलं. नागपुरात त्या चट्ट्याला काय म्हणतात ते सांगायला नको होतं. तो शब्द आम्ही दोघांनीही उच्चारला नाही.

"मग रोज गार गार काय सांगत होता? मला सांगायचं ना, हात चालत नाही म्हणून!" माझा आवाज चढला. भीती वाटली की माझा आवाज चढतो.

"मले गारच लागून राह्यलं होतं, बाबू. खोटं नाई बोललो. मले वाटे, तुमचंच यंत्र बिघडलं असन." जरा थांबून म्हणाले, "वाटे म्हंजे, तसं वाटून घेतलं."

मग ते खाली बसले, फरशीवर, भिंतीला टेकून. पहिल्यांदा मी त्यांना कामाच्या वेळी बसलेलं पाहिलं.

"गोपिकेचं साक्षगंध झालं हाये, कन्हान गावच्या घरी. जेठात लगन हाये. पाच हप्ते राह्यले. तवर कोनाले बोलू नका. लगन झालं का मी स्वतःच जातो डॉक्टराकडे, स्वतःच सोडतो नौकरी. तुमाले सांगाची पाळी नाई येऊ देत. पाच हप्ते."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

"सरायले बी नाई?"

"सरांनाही नाही."

त्यांनी मान हलवली. माझ्या पाया पडायला वाकले तर मी पुन्हा मागे सरकलो.

दुसऱ्या दिवसापासून ते हाताला दुपट्टा गुंडाळून येत. भाजलं म्हणून सांगत, आणि ते खरंच होतं. पंप चालवत, काचेला मी हात लावत असे. माझा हात म्हणजे लाकडाची फळी, मला कोमट आणि ऊन यांतला फरक कळेना. मी वहीतल्या त्या बावीस नोंदींवर रेघा मारल्या. शेऱ्याची जागा कोरी ठेवली. घरी गेल्यावर मात्र कोपरापर्यंत साबण चोळून हात धूत असे. आईनं विचारलं, "काहून रे एवढा धुतोस?" मी तिच्यावरही ओरडलो.

पांढरीपांडे सर तेव्हा पचमढीला होते, परीक्षेच्या कामासाठी. मे महिन्याच्या मध्यात आले. आल्या आल्या वही मागितली. कलकत्त्याच्या एका नियतकालिकाला तक्ता पाठवायचा होता. पानं उलटत गेले आणि रेघांपाशी थांबले.

"बावीस? एकदम? कारण कुठं आहे मुकुंद?"

"लिहायचं राहिलं, सर."

"मग लिही." दौत पुढे सरकवून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

आता नीट ऐका, कारण सांगायचं आहे ते एवढंच आहे. मी 'सांध्यातून गळती' असं लिहू शकत होतो. दोन शब्द. कुणी तपासायला येणार नव्हतं. पण सांधे माझ्या हातचे. बावीस दिवस गळती कळली नाही म्हणजे मी गाढव. जुलैत माझी नेमणूक कायम व्हायची होती, आणि शिफारस लिहिणार होते ते खिडकीशी उभे होते. हे सगळं मला त्या एका क्षणात दिसलं. पण मी स्वतःला काय सांगितलं ठाऊक आहे? मी सांगितलं, वहीत खोटं लिहायचं नाही. नियम म्हणजे नियम. सत्याचा एवढा पुळका मला आयुष्यात त्याआधी आला नव्हता आणि नंतरही कधी आला नाही.

मी लिहिलं: 'नत्थूजींच्या हातास संवेदना नाही. नोंदी रद्द.'

लग्नाला तीन हप्ते उरले होते.

सर वाईट माणूस नव्हते. वाचून खाली बसले. मग म्हणाले, "हे मला प्रिन्सिपॉलांना कळवावंच लागेल. होस्टेलच्या पाण्याचे माठही तोच भरतो ना?" भरत होते. तेही खरंच होतं. त्या दिवशी सगळेच खरं बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थूजींना फाटकावरच अडवलं. आत अंगणात पाऱ्याची बाटली, पंपाचा दांडा, त्यांचं बसायचं स्टूल, माठ, सगळं मांडून फिनेल ओतून धुणं चाललं होतं. गड्यांनी तोंडाला फडकी बांधली होती. त्यांतला एक टिमकीतलाच. नत्थूजी फाटकाबाहेरून बघत उभे. मी गेलो. जायला नको होतं, तरी गेलो.

"लिवलं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं."

शिव्या द्या ना! माझ्या बापाचा उद्धार करा, थुंका! मी तयारीनं गेलो होतो. ते नुसते उभे. मग म्हणाले, "कलकत्त्याचा गेज आला का?"

"नाही अजून."

"आला का पयले त्याले वाळवून घ्या. आत वल राहाले नाई पाह्यजे." आणि वळून चालायला लागले. हाताला दुपट्टा गुंडाळलेला तसाच.

आठ दिवसांत बातमी टिमकीतून कन्हानला पोचली. मुलाचे काका, शालिकराम म्हणून, आले. ओसरीवर न टेकता उभ्या उभ्या बोलले, साक्षगंधात त्यांनी दिलेलं लुगडं परत मागितलं, आणि मग तेही नको म्हणाले. त्या घरातलं कापड त्यांना नको होतं. मुलाकडच्यांनी ते नत्थूजींकडूनच विणून घेतलं होतं, उसन्या मागावर, हात चालत होते तेव्हा. हे सगळं मला त्या टिमकीच्या गड्यानं सांगितलं. चवीनं सांगत होता, तर मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्यानं काय झालं? काही नाही.

जूनच्या शेवटी गेज आला. मी वाळवून घेतला. थंडीतल्या हाताच्या नोंदींवर पुन्हा सगळी मोजणी केली. बरोबर होत्या. सगळ्या. तक्ता कलकत्त्याला गेला, त्याखाली सरांचं नाव आणि माझं. जुलैत मी कायम झालो.

ऑगस्टात एका सकाळी लॅबच्या दारात एक मुलगी उभी. कपाळ रुंद, बापाचंच. मी ओळखलं.

"मी गोपिका. बाबाचा लोटा राह्यला हाये इथं."

लोटा फिनेलनं धुऊन कोपऱ्यात पडला होता. मी काढून दिला. तिनं पदराच्या गाठीतून एक कागद काढला. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरची चिठ्ठी. मी वाचली. रोग आहे, पण पसरणाऱ्यातला नाही. याच्यापासून दुसऱ्या कुणाला धोका नाही. त्यावरच्या कडू कवठाच्या तेलाच्या सुया सुरू केल्या आहेत. हाताला जपून कामावर घेण्यास हरकत नाही. खाली तारीख होती जूनची, लग्नाचा दिवस टळून गेल्यानंतरची.

"मोठ्या साहेबाले दाखवली," ती म्हणाली. "जागा भरली म्हने."

"नत्थूजी कुठं आहेत?"

"रामटेककडे. मावसकाकाच्या वावरात झोपडी बांधून दिली. जेवते, झोपते. बोलत नाई काईच. मी बोलते तं ऐकून घेते." तिनं खोलीभर नजर फिरवली. "मले दाखवा, बाबा काय करत होते ते."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी तेल तापवलं. भांडं भरलं. आत ऊब टिकवायला विजेचं वेटोळं सोडलं. तिला सांगितलं, इथं हात ठेवायचा, जपून, फार दाबायचा नाही. तिनं ठेवला. मी पाऱ्याची बाटली वर नेली, खाली आणली.

"ऊन," ती म्हणाली. कुणी शिकवलं नव्हतं.

टेबलावर वही उघडी होती. तिला थोडं वाचता येत होतं. डावा हात पानावर फिरवत तिनं विचारलं, "हे 'हात' म्हंजे बाबाचा?"

"हो."

"आन हे रेघा मारलेले?"

"तेही त्यांचेच."

"कोनं मारल्या?"

"मी."

तिनं कडेचा शेरा वाचला. एकेक अक्षर जोडत, ओठ हलवत. माझे हात थांबले. बाटली अर्ध्यावर राहिली.

"बाबा एकदाच बोलले होते. पाच हप्ते मांगितले होते तुमाले?"

"हो."

"तुम्ही हौ म्हनले होते?"

"हो."

ती वहीकडेच बघत होती. रडली नाही. आवाज चढला नाही. माझ्या आत काही तरी तुटेल म्हणून मी वाट बघत होतो, पण तेही झालं नाही. लाकडासारखा उभा होतो.

"पंप काहून थांबवला?" ती म्हणाली. "चालू द्या. मले गार होईपर्यंत पाह्याचं हाये."

मी चालवला. वर, खाली. वर, खाली. अर्धा तास गेला असेल, जास्तच. ती मधूनमधून सांगत होती, ऊन. ऊन. ऊनच हाये. त्याच सुरात, त्याच थांबण्यानं. खिडकीबाहेर होस्टेलची पोरं ओरडत होती. माझे खांदे भरून आले तरी मी थांबलो नाही. आणि मग तिनं सांगितलं, "गार."

हात तिनं काढला नाही. मी म्हटलं, "झालं. आता काढा." ती तशीच उभी, तळवा काचेवर सपाट टेकवून, नजर भिंतीकडे. किती वेळ ते मी मोजलं नाही. मग लोटा उचलून गेली.

ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या सकाळची नोंद मी तीत लिहिली आहे. तारीख आहे, मिनिटं आहेत, हाताच्या रकान्यात 'गार' आहे. शेऱ्याची जागा कोरी सोडली आहे.